मागं बस

उंब्रजला आमच्या दुकानाशेजारी एक जण वेल्डिंग करायचा. पाय अधू असलेल्यांच्या बटनस्टार्ट स्कूटरला जादा चाकं जोडायचा, पायाचा ब्रेक हाताशी आणून द्यायचा. गाडी तयार झाली, की टॉवेलनं स्वतःचे पाय करकचून बांधायचा आणि जमिनीवरून हातांच्या जोरावर सीटवर चढून बघायचा. येणारेजाणारे हसायचे. ह्याला त्याचं काही नसायचं.

त्या दिवशी दहिवडीच्या एका शिक्षिकेला तिच्या भावानं रिक्षातून उचलून आणलं होतं. तिच्या गाडीवर चढताना हा धपकन पडला.

“मलाच जमंना, ताईंना कसं जमंल?” म्हणत त्यानं पाय सोडले आणि सीटच्या खाली टेकायला एक फळी, वर धरायला एक दांडा जोडला.

भाऊ सवयीनं बहिणीला उचलायला वाकला.

“हात लावू नगं गड्या,” हा म्हणाला.

तिनं फळीवर टेकून दांडा धरला. ती घामाघूम झाली, पण चढली. स्कूटर चालू करून भावाला म्हणाली, “दादा, मागं बस.”