एक पान होईपर्यंत

अंगणवाडीत मुलांना उसळ वाढत होते, तेव्हा बाहेर मोटारसायकल थांबली. शेजारच्या वाडीतला गणपत धापा टाकत दारात आला आणि म्हणाला, "सुमनताई, घरला चला. पांडूअण्णा..." आणि माझ्या तोंडून काय निघालं? "गाडी तापली काय?" माणूस गेल्याची बातमी आणणाऱ्याला मी हे विचारलं. बाईचं डोकं फिरलं असंच त्याला वाटलं असेल. पण गेली अठरा वर्षं कुणी धावत आलं, फोन भलत्या वेळी वाजला, की मला आधी दिसतं ते एकच. गाडी कुठंतरी चढणीला उभी आहे, बोनेटमधून वाफ निघते आहे, आणि आत आपलं कुणीतरी आहे...

पांडुरंग माझे थोरले दीर. सगळ्या वाडीचे पांडूअण्णा, माझे भावजी. त्या दिवशी जेवून अंगणात खुर्ची टाकून बसले होते. समोर गाडी, मांडीवर पानाचा डबा. इंदूअक्का, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, ताक घेऊन गेल्या तर मान एका बाजूला कललेली. पान लावून झालं होतं, तोंडात घालायचं राहिलं होतं. दीड महिना झाला या गोष्टीला. भावजींबद्दल लिहायचं म्हणून तीनदा बसले आणि तीनदा उठले. गेलेल्या माणसाचे गुण गाणं सोपं असतं. मला जे सांगायचं आहे त्यात गुण त्यांचा आहे आणि करणी माझी, म्हणून हात अडतो.

मी मुळात भित्री. माझं माहेर कॅसलरॉकचं, वडील रेल्वेत. आमच्याकडे गाडी म्हणजे रेल्वे. ती कुठं अडकली तर मागच्या-पुढच्या स्टेशनाला कळतं, कंदील आणि शिट्ट्या घेऊन माणसं धावतात. लग्न होऊन अणशीजवळच्या या वाडीत आले तेव्हा पहिल्यांदा समजलं की मोटार रस्त्यात बंद पडली तर कुणालाच कळत नाही. दोन्ही बाजूंना झाडी, फोनला रेंज नाही, आणि आवाज आला तर तो कसला हे विचारायची सोय नाही. भावजींची गाडी तेव्हाच म्हातारी होती. गोव्याच्या कुणाकडून जुनी म्हणून घेतलेली. कुळगीच्या जंगल कॅम्पला आलेल्या पाहुण्यांना फिरवायचं, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं, लग्नाचं सामान आणायचं, सगळं तिच्यावर. आणि चढण लागली की तिला ताप यायचा. रेडिएटर दोनदा डाग देऊन आणलेला, होस पाईपला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. ओढ्याचं पाणी तांबडं, त्यानं आतल्या नळ्या बुजतात, म्हणून भावजी विहिरीचं पाणी धोतराच्या फडक्यातून गाळून दोन कॅन भरून ठेवायचे. इंदूअक्का म्हणायच्या, "आमास्नी कधी गाळून पाजलं न्हाई. तिची मात्र बडदास्त बघा!"

भावजी गाडी चालवताना रस्त्याकडे बघायचे तेवढंच इंजिनचा ताप दाखवणाऱ्या काट्याकडे. काटा लाल पट्ट्याकडे सरकला की आधी हीटर चालू करायचे. भर एप्रिलात हीटर! पाहुणे ओरडायचे. भावजी शांतपणे सांगायचे, "इंजिनची उष्णता आपण वाटून घ्यायची. तेवढंच त्याला बरं वाटतंय." तरीही काट्यानं ऐकलं नाही तर गाडी सावलीला लावायची, बोनेट उघडायचं आणि पानाचा डबा काढायचा. पान पुसायचं, शिरा काढायच्या, चुना लावायचा, सुपारी कातरायची, मग सावकाश चघळायचं. ते पान पूर्ण होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. आमच्या तालुक्याच्या गावी, जोयड्याच्या स्टँडवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला त्यांनी तो ऐकवला होता. घड्याळ बघून थांबणारा माणूस घाई करतो, पान खाणारा करत नाही, असं त्यांचं म्हणणं.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. रेणू, माझी मुलगी, चार वर्षांची होती. नवरा गोव्यात कारखान्यात, पंधरा दिवसांनी घरी यायचा. एप्रिलचा महिना, रेणूला दोन दिवस ताप. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास तिचे डोळे वर गेले आणि हातपाय ताठ झाले. मी ओरडले ती घरभर. इंदूअक्का माहेरी गेल्या होत्या. भावजी अंगणातून धावत आले, पोरीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "सुमन, बस गाडीत." तोवर मी त्यांच्यासमोर कधी मान वर करून बोलले नव्हते. डोक्यावर पदर घ्यायचा आणि काही सांगायचं झालं तर जाऊबाईंच्या तोंडून, अशी आमच्या घरची रीत.

रस्त्यात झटका थांबला, पण पोरगी हाकेला ओ देईना. अंग असं भाजत होतं की माझ्या मांड्या पोळल्या. आणि जोयड्याच्या अलीकडच्या लांब चढणीवर काटा सरकायला लागला. भावजींनी हीटर लावला. तापानं फणफणलेलं पोर मांडीवर आणि समोरून गरम वारा! मी तिला खिडकीकडे धरलं, पदर ओला करून डोक्यावर ठेवला. तो ओला पदर मिनिटात कोमट व्हायचा. चढण संपेना. मग तो वास आला... करपल्यासारखा, गोडसर. बोनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघाली आणि भावजींनी गाडी एका किंजळाच्या झाडाखाली घेऊन बंद केली.

इंजिन बंद झालं तेव्हा आतून खदखद ऐकू येत होती. बाकी सगळं चिडीचूप. मागून गाडी नाही, पुढून नाही. भावजींनी एक कॅन माझ्या हातात दिला, "हे पोरीला. अंग पुसत ऱ्हा, सगळं संपीव." दुसरा गाडीपुढे ठेवला. आणि ते दगडावर बसले... आणि डबा काढला.

त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. माझी पोर चालली आहे आणि हा माणूस पानाच्या शिरा काढतोय! आज आठवतं, त्यांच्या हातातून सुपारी दोनदा खाली पडली होती. पण तेव्हा मला फक्त अडकित्ता दिसत होता. मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघून ओरडले, "भावजी, पोरगी जाईल हो माझी! घाला की पाणी!" ते म्हणाले, "एक पान, सुमन. एवढं पान होऊंदे." तेवढ्यात रेणूचं अंग पुन्हा ताठ झालं, दात कराकरा वाजले.

त्यानंतर मी काय केलं ते अठरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. रेणूला सीटवर कुशीला निजवलं, उतरले आणि थेट बोनेटपाशी गेले. मला गाडीतलं काय कळत होतं? मला चूल कळत होती. भात उतू जायला लागला की बाई दुसरं काय करते? पदरानं झाकण उचलते, फेस खाली बसतो. मला अगदी मनापासून वाटलं, एवढ्या साध्या गोष्टीसाठी हा माणूस पान खात बसलाय. मी पदर झाकणावर टाकला आणि जोर लावून फिरवलं.

भावजी दगडावरून कसे उठले ते मी पाहिलंच नाही. खांद्याचा असा धक्का बसला की मी रस्त्यावर आडवी पडले. वर पाहिलं तर त्यांचा उजवा पंजा झाकणावर दाबलेला, बोटांमधून उकळतं पाणी उसळतंय आणि वाफेत त्यांचं तोंड दिसत नाही. ते पाणी माझ्या तोंडावर येणार होतं. ते ओरडले नाहीत. नुसता एक हुंकार आला. हात काढला तेव्हा मनगटापर्यंत कातडी पांढरी पडली होती. मी रांगत जाऊन उरलेला कॅन उचलला त्यांच्या हातावर ओतायला, तर त्यांनी तो डाव्या हातानं हिसकावून घेतला. "त्याला हात लावू नको. ते गाडीचं पाणी हाय."

रेडिएटरमधलं निम्मं पाणी माझ्यापायी रस्त्यावर गेलं होतं. तापल्या इंजिनात गार पाणी पडलं तर ते तडकतं, म्हणून आता आणखी थांबणं भाग होतं. रेणूचा झटका ओसरला होता, मी तिला छातीशी धरून रस्त्यातच बसले, तिचा श्वास मोजत. एखादा श्वास उशिरा आला की माझा थांबायचा. भावजी दगडावर बसून डोळ्यांतून पाणी गाळत ते पान चघळत होते. पान संपलं तसे उठले, इंजिन चालू केलं, डाव्या हातानं बारीक धार धरून पाणी भरलं आणि भाजलेला हात मांडीवर ठेवून एका हातानं गाडी जोयड्याला नेली. डॉक्टरांनी सुई दिली, सलाईन लावलं. तासाभरानं रेणूनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी भिंतीला टेकून खालीच बसले.

मग डॉक्टरांचं लक्ष भावजींच्या हाताकडे गेलं. "हे कसं झालं?" मी तोंड उघडणार होते, खरंच उघडणार होते. पण भावजी आधी बोलले, "घाई केलो डॉक्टर. गरम असतानाच झाकण उघडलो." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळपर्यंत स्टँडवर ही बातमी पोचली. साऱ्या तालुक्याला शहाणपण शिकवणारा पांडूअण्णा, आणि त्यानंच गरम झाकण उघडलं! लोकांना आयतंच मिळालं. काही जण त्यांना 'झाकण' म्हणू लागले. "काय झाकण, आज पान खाल्लं न्हाई वाटतं?" भावजी हसायचे. दोन बोटं पुढं कधी नीट मिटली नाहीत, पान डाव्या हातानं लावायला शिकले. नवरा आला तेव्हा त्यालाही त्यांनी तेच सांगितलं, सासूबाईंना तेच, इंदूअक्कांनाही तेच. मी रोज ठरवायची, आज सांगू. आणि रोज भ्यायची. सासूबाईंना, नवऱ्याला, लोक काय म्हणतील याला... नंतर तर इतकी वर्षं गप्प का राहिलीस, या प्रश्नालाच भ्यायला लागले.

मला मात्र त्यांनी एका बाबतीत सोडलं नाही. वर्षभरानं एक दिवस किल्ली पुढं केली. "गाडी शिक. म्हाईत न्हाई म्हणून भ्या वाटतंय." शिकले, लायसन्सही काढलं. भीती काही गेली नाही, पण भीत भीत गाडी चालवता येते हे कळलं. त्या चढणीवर शेजारी बसून ते मला काटा वाचायला शिकवायचे. त्या दिवसाचा विषय मी एकदाच काढला. म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो तर दगडानं फोडलो असतो ते झाकण." आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तेराव्याला जेवणं झाल्यावर स्टँडवरचे जुने ड्रायव्हर ओट्यावर बसले होते. भावजींच्या आठवणी निघाल्या आणि कुणीतरी मायेनंच म्हणालं, "एवढा जाणकार माणूस, पर एकदा झाकण उघडलाच बघा." सगळे हसले. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी इंदूअक्काही थोड्या हसल्या. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. तो तसाच घेऊन आत निघून गेले.

मागच्या आठवड्यात इंदूअक्कांना डोळे दाखवायला जोयड्याला न्यायचं होतं. रेणू बेळगावहून आली होती. ती आता तिथं नर्स आहे. मी भावजींची तीच गाडी चालवत होते, रेणू शेजारी, इंदूअक्का मागे. त्याच चढणीवर काटा सरकला. हीटर लावला, उपयोग झाला नाही. तो करपलेला गोडसर वास आला. गाडी किंजळाखाली लावली. रेणू उतरली, बोनेट उघडलं आणि ओढणी हाताला गुंडाळत म्हणाली, "आई, उघडू काय ग?"

मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगडीचा वळ उठला. "हात लावू नको!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. डॅशबोर्डच्या खणात भावजींचा डबा होता, इंदूअक्कांनीच तो तिथं ठेवलाय, ताजी पानं घालून. मी जन्मात पान खाल्लं नव्हतं. त्याच दगडावर बसून पान पुसलं, शिरा काढल्या, आणि ते लावता लावता दोघींना सगळं सांगितलं. झाकण कुणी उघडलं ते, पाणी कुणाला मिळालं ते, कॅन कुणी हिसकावला ते. रेणूनं दोन्ही हात पोटाशी घेतले. इंदूअक्का गाडीच्या दारात पाय सोडून बसल्या होत्या. आता त्या काय म्हणतील या भीतीनं मला घाम फुटला होता.

"तू उघडलीस हे म्हाईत न्हवतं मला," त्या म्हणाल्या. "पर त्यांनी उघडलं न्हाई, एवढं म्हाईत होतं. त्यो माणूस माझ्या चुलीवरचं झाकणसुदीक विचारून उघडायचा." मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "स्टँडवर जाऊया आदी. डोळं मागनं दावू. त्या ड्रायव्हरास्नी सांग हे. मी हाय तुज्यासंगं."

खदखद कमी होत आली होती. रेणूनं विचारलं, "आता उघडू?"

"थांब," मी म्हटलं. "पान व्हायचंय अजून." चुना फार लागला होता. जीभ चांगलीच पोळली. मी तशीच चघळत बसले.