संपतने न गिळलेला घोट

संपतच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा, तासगावहून फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघताना गाडीची किल्ली शोधत होतो. "भावजी, हे गेले हो पहाटे..." एवढं बोलून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "तुमच्यासाठी निरोप देऊन ठेवलाय. देशपांड्याला म्हणावं, आता बाटली उघड आणि या खेपेला तरी नीट सांग. कसली बाटली, ते काय बोलले न्हाईत बघा." मला माहीत होतं. अबुधाबीतल्या माझ्या फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीमागे ती टॉवेलात गुंडाळून सहा वर्षं आडवी पडली होती. त्या फोनला आता दीड महिना झाला.

संपत शिंदे आणि मी दुबईत, बायका गावाकडे असताना, एका खोलीत राहायचो. मी परचेसमध्ये, तो एका बड्या हॉटेलच्या इटालियन रेस्टॉरंटात वाइन वाढायला. आणि हा गडी दारूचा थेंब गिळायचा नाही! घरून निघताना आईनं एकच अट घातली होती, "वीक बाबा, पण पिऊ नगंस." त्यानं ती तंतोतंत पाळली. प्रत्येक वाइन तोंडात घ्यायची, घोळवायची, आणि पेल्यात थुंकायची. जाणकार सगळेच असं करतात म्हणे, पण घरी जाऊन पितातही. संपत नाही. घशाचं काम त्यानं माझ्याकडे दिलं होतं. मला ग्लास भरून द्यायचा, समोर वही घेऊन बसायचा आणि विचारायचा, "आता खाली गेल्यावर काय लागतंय?" मी म्हणायचो, "मस्त. चढतेय." तो वही मिटायचा. "गाढवाला गुळाची चव काय," म्हणायचा, आणि ते खरंच होतं.

त्याचा जीव होता अमारोनेवर. व्हेरोनाजवळच्या डोंगरातली ही जुन्या पद्धतीची लाल वाइन. तिथे द्राक्षं तोडली की लगेच चिरडत नाहीत. घोसच्या घोस बांबूच्या ताट्यांवर पसरून माळ्यावर वाळवतात, तीन-चार महिने, नुसत्या हिवाळी वाऱ्यावर. वजन तिसऱ्या हिश्शानं घटतं, साल सुरकुतते, मग रस काढून हळूहळू आंबवतात आणि लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवतात. गोडवा आंबण्यात संपतो आणि शेवटी एक कडू चव उरते. नावाचा अर्थच कडू. संपतच्या घरी बेदाण्याची शेड होती. लहानपणापासून त्यानं जाळ्यांवरची द्राक्षं हातानं हलवलेली. "आपल्याकडं औषधात बुडवायचं आणि पंधरा दिवसांत मोकळं. त्यांच्याकडं बघ, चार महिने. काय धीर असंल त्या लोकांचा!" हे सांगताना त्याचे डोळे असे व्हायचे, की मला न कळणारी ती वाइन मीही मन लावून ऐकायचो.

२००८ च्या शेवटी मंदी आली आणि दुबईतल्या बांधकामांच्या क्रेन थांबल्या. जुमेरा लेक टॉवर्समधली ओळखीची घरं एकेक करून रिकामी झाली. हॉटेलनं जाहीर केलं, वाइनवर तीनपैकी एकच माणूस राहील, मॅनेजर मार्को परीक्षा घेईल. नोकरी गेली की व्हिसा खलास, आणि घरी जाऊन भावाच्या शेडवर हजेरीनं राबायची संपतची तयारी नव्हती. त्यातून मार्कोनं आधीच बजावलं होतं, अमारोनेची शेवटची चव घशातच कळते, जो गिळत नाही तो ती विकणार कशी? मी म्हणालो, "अरे, एक घोट घे की. आईला सांगायला कोण जातंय?" दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. आजही त्या वाक्याची मला लाज वाटते.

परीक्षेच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो घरी आला, बूट न काढताच बसला आणि सगळं सांगितलं. मार्कोनं ग्लास पुढे केला. यानं वास घेतला, चव घेतली, थुंकला. "गिळ, नोकरी तुझी," मार्को म्हणाला. "नाही सर. आईला शब्द दिलाय." मग यानं खिशातून घरचे चार बेदाणे काढले आणि मार्कोच्या हातावर ठेवले. आधी हे चावा, मग घोट घ्या. मार्को चावत असताना हा सांगत राहिला... घोस कुठे आधी मऊ पडतो, बुरशीचा पहिला वास देठाशी कसा येतो, दमट वारा सुटला की रात्रीतून ताटी कशी वाया जाते. मार्कोच्या आजोबांचाही द्राक्षं वाळवायचा असाच माळा होता. घोट घेऊन त्यानं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "यू स्टे. आणि हे बेदाणे गिऱ्हाइकांना पण दे." तेव्हापासून त्या हॉटेलात अमारोनेबरोबर छोट्या वाटीत तासगावचा बेदाणा जायला लागला. पुढच्या वर्षाअखेरीस मार्कोनं त्याला अमारोनेची एक बाटली भेट दिली.

काही वर्षांनी आई गेली. महिन्याभरानं मी भीत भीत विचारलं, "आता तरी उघडायची?" तो म्हणाला, "शब्द तिला दिलता. आता परत मागू कुणाकडं?" पुढे निवृत्त होऊन निघाला, तेव्हा बाटली माझ्याकडे ठेवली. आईच्या फोटोसमोर ती नेणं त्याला जमणार नव्हतं. बेदाणे मात्र दर साली कुणाबरोबर तरी पाठवत राहिला.

गेल्या रविवारी दुपारी मी ती बाटली उघडली. यंदाच्या डब्यातले दोन बेदाणे सावकाश चावले, त्यानं शिकवलं तसे. घोट घेतला, घोळवला. इथवर त्याला सगळं माहीत होतं. मग गिळला, आणि आयुष्यात पहिल्यांदा चवीसाठी थांबलो. "कडू आहे रे," मी ओट्याशी उभा राहून मोठ्यानं म्हणालो. "लगेच नाही. मेथीचा दाणा चावल्यावर मागाहून येतं ना, तसं. बराच वेळ राहतं. पण वाईट नाही लागत, संपत."

बाहेरून बायकोनं विचारलं, "कोणाशी बोलताय?"

"संपतला सांगतोय," मी म्हणालो, आणि दुसरा घोट घेतला, कारण पहिल्याचं सगळं सांगून झालं नव्हतं.