बिनढेकणाचं घर

जगात माणसं दोनच प्रकारची, असं आमचे लातूरचे घरमालक मानत. ज्यांच्या अंथरुणात ढेकूण आहेत ती, आणि ज्यांनी अजून नीट बघितलेलं नाही ती. स्वतःला ते तिसऱ्या प्रकारात धरत आणि त्या प्रकारात ते एकटेच होते. करडईच्या तेलाचं लहानसं दुकान, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि दुसरे लोक कानावर विडी खोचतात तिथं टोक काढलेली आगपेटीची एक काडी. या काडीनं त्यांनी कधी दात कोरले नाहीत की कान. ती फक्त गाद्यांच्या शिवणीतून आणि बाजेच्या सांध्यांतून फिरवण्यासाठी होती.

जिल्हा तेव्हा नवा झाला होता. रोज एखादं नवं हापीस उघडायचं आणि रोज एसटीतून ट्रंका घेतलेले दहा-वीस कारकून उतरायचे. खोली मिळणं नोकरी मिळण्यापेक्षा अवघड. मी अहमदपूरकडच्या खेड्यातून आलो होतो. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला, हे मी तेव्हा न विचारता सांगायचो, आणि खरं सांगायचं तर आजही सांगतो. सामान म्हणाल तर एक ट्रंक, आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ, आणि काचेच्या फ्रेममध्ये बसवलेली पदवी. मालकांनी मला दारातच अडवलं. "पाय आत टाकू नका. आधी ट्रंक उघडा." ओट्यावर बसून त्यांनी वाकळेच्या एकेका टाक्यातून काडी फिरवली, मग ती नाकाला लावली. "सडक्या कोथमिरीवानी गोडसर वास आला की समजायचं, वस्ती हाय. न्हाई. सध्या तरी न्हाई." मग त्यांचं लक्ष फ्रेमकडं गेलं. त्यांनी हात धोतराला पुसले. "डिग्री हाय?" मी मान ताठ करून हो म्हणालो. "हिला न्हाई तपासत," असं म्हणून त्यांनी फ्रेमला हात जोडले, आणि खोलीत माझ्या बाजेच्या उशाशी स्वतः खिळा ठोकून ती टांगली. निजामाच्या काळात उर्दू शाळेची तिसरी झालेला हा माणूस रोज सकाळी अंघोळ आणि लिंगपूजा उरकली की बोटांना उरलेलं भस्म माझ्या पदवीच्या काचेवर ओढून जायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

ढेकणांच्या बाबतीत मालकांची काही मतं ठाम होती. लातुरात ढेकूण मुळात नव्हतेच, ते जिल्हा झाल्यावर जुन्या जिल्ह्याहून आलेल्या दप्तरांच्या गठ्ठ्यांतून उतरले, हे त्यातलं पहिलं. "सातबारा आला, त्याच्या मागं हे आले," असं ते गिऱ्हाइकाला तेल मोजता मोजता सांगत. टॉकीजमध्ये ते एकदाच गेले आणि अख्खा सिनेमा उभ्यानं बघितला. एसटीत बाकावर पेपर पसरून बसायचे आणि उतरताना तो पेपर स्टँडवरच झटकून, घडी करून, दुसऱ्याला वाचायला द्यायचे. निलंग्याला भाचीच्या लग्नात तर त्यांनी जानवशातल्या सगळ्या गाद्या उलट्या करून पाहिल्या आणि वराच्या बापाला चारचौघांत शिवणीतली पांढरी अंडी दाखवली. लग्न लागलं, पण भाचीची सासू पुढं कितीतरी वर्षं मालकांचं नाव न घेता "ते गाद्यावाले" असं म्हणायची. माणसाच्या हातावरचा चावा बघून ते निदान करायचे. "मच्छर एकदा चावतो आन् गाणं म्हणून जातो. पिसू घोट्याखाली. ढेकूण तीनदा चावतो, एका रांगेत, रेशनच्या दुकानात उभं राहिल्यावानी." आमच्या हापिसातले लोक डॉक्टरकडं जाण्याआधी बाही वर करून त्यांच्या दुकानात जायचे.

दुसऱ्या गावात ढेकूण झाले की लोक बाजेवर उकळतं पाणी ओततात आणि मोकळे होतात. आमच्याकडं ते शक्य नव्हतं. दुष्काळ चालू होता, विहिरीचा तळ दिसत होता, टँकर आठ दिवसांनी यायचा, आणि घरटी मिळणाऱ्या घागरींवरून बायांची भांडणं व्हायची. ढेकणाला पाणी कोण पाजणार? म्हणून मालकांनी बिनपाण्याची पद्धत काढली होती. बाज पत्र्यावर चढवायची, अंथरूण खताच्या पिशवीच्या काळ्या प्लास्टिकात गुंडाळून दुपारभर उन्हात टाकायचं, सांध्यांत रॉकेलचा बोळा फिरवायचा. "पाऊस न्हाई म्हणून रडून काय करावं? ऊन तर फुकट हाय," असं म्हणत ते तापल्या पत्र्यावर अनवाणी चालायचे आणि खाली अक्का, म्हणजे मालकीणबाई, कपाळावर हात मारून घ्यायच्या.

अशा घरात चैत्रात माझ्या दंडावर तीन चावे उठले. एका रांगेत. मी चार दिवस भर उन्हाळ्यात लांब बाहीचा शर्ट घालून हिंडलो. पाचव्या दिवशी मालक म्हणाले, "बीए, बाही वर करा." त्यांनी चावे बघितले आणि खाली बसले. तोंड असं झालं की जणू घरावर जप्ती आली. पण हार मानणारा माणूस नव्हता. बाज पत्र्यावर गेली, वाकळ प्लास्टिकात गेली, भिंतीच्या भेगांत चुना गेला, सगळ्या खोलीला नवी सफेदी झाली, बाजेच्या चारी पायांखाली तेलाच्या गाळाचे डबे आले. पंधरा दिवसांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून. "मोठे मेले तरी अंडी राहतात. त्यांना वाटतं, म्हातारा आता विसरला." म्हातारा विसरला नव्हता. तरी चावे थांबले नाहीत. तिसऱ्यांदा सगळं झालं आणि माझ्या मानेवर नवी रांग उठली, तेव्हा मालकांनी निकाल दिला. "वाकळ जाळावी लागंल. दाट टाक्याची हाय, आतल्या थराला ऊन पोचत नसंल."

मी गरीब स्वभावाचा माणूस, भाडेकरू, त्यात परगावचा. पण ती वाकळ मी ओळखत होतो. मधला हिरवा तुकडा आईच्या लग्नातल्या लुगड्याचा. कडेचा जांभळा, मी कॉलेजला निघालो त्या वर्षी घेतलेल्या लुगड्याचा. ते ती एकदाच नेसली होती आणि मग माझ्यासाठी तिनं त्याला कात्री लावली होती. मी म्हणालो, "वाकळ जाळायची नाही, मालक."

"मग आमचं घर जाळू का?"

"वाकळ जाईल तिथं मी जाईन."

अक्का मधी पडल्या. "आईच्या हातचं हाय ते. काय बोलायलात तुम्ही?" पण मालकांनी बोट वर केलं. या घराला आजवर बट्टा लागला नव्हता. सोमवारपर्यंत मुदत. वाकळ ठेवा, नाहीतर खोली ठेवा. मी गावभर खोली बघून आलो. एका ठिकाणी जिन्याखाली जागा होती, तिथं आधीच दोन तलाठी राहत होते.

रविवारी सकाळी मी ट्रंक भरत होतो. मालक नेहमीसारखे भस्म लावायला आले, माझ्याकडं न बघता. बोटं काचेवर टेकली आणि तिथंच थांबली. फ्रेमच्या खाली, नव्या पांढऱ्या सफेदीवर, मोहरी सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके होते. त्यांनी कानावरची काडी काढली, ठिपक्याला लावली, नाकाशी नेली. मग काडी माझ्यापुढं धरून हलक्या आवाजात म्हणाले, "डिग्री तुमची हाय. हात तुम्हीच लावा."

मी म्हणालो, "तिच्यामागं कसे असतील?"

"मी बी तेच म्हणत होतो ना इतके दिवस."

फ्रेम उतरवली, मागचा पुठ्ठा सोडवला, आणि माझ्या शिक्षणामागची सगळी वस्ती उजेडात आली. लहान, मोठे, पोटुशे, टाकलेल्या काती, अंड्यांचे पुंजके. विद्यापीठाच्या सहीशिक्क्याच्या बरोबर पाठीमागं. घरातली एकच वस्तू अशी होती की जिला आम्ही दोघांनीही, त्यांनी उर्दू तिसरीच्या आदरानं आणि मी बी.ए.च्या तोऱ्यानं, संशयाचा हात लावला नव्हता. ढेकूण तेलाच्या डब्यांना वळसा घालून भिंतीवरून थेट उशावर उतरत होते. मालकांनी वाकळेकडं बघितलं. मग म्हणाले, "वाकळ बिचारी अडाणी होती. तिच्यावर आधी संशय आला."

पुठ्ठा जाळला, पदवी उन्हात ठेवली, चावे थांबले. मंगळवारी मी हापिसातून आलो तर माझी वाकळ धुऊन दोरीवर वाळत होती. इतकी जड वाकळ, आणि पाणी कुठलं? अक्का हळूच म्हणाल्या, "हे आठवडाभर अंघोळ न्हाई करणार म्हणायलेत. भस्म लावलं की झालं म्हणतात." अंघोळीशिवाय लिंगाला हात न लावणारा माणूस. त्या आठवड्यात ते माझ्यासमोर आले की विषय करडईच्या भावाचा काढायचे.

दोन वर्षांनी माझी बदली हिमायतनगरला झाली. निघताना त्यांनी माझं अंथरूण पुन्हा तपासलं. आपल्या घरचा ढेकूण परगावी जाऊ नये म्हणून. वाकळेची घडी स्वतः घातली, हिरवा तुकडा वर येईल अशी, आणि म्हणाले, "आईला सांगा, म्हाताऱ्यानं तुमच्या वाकळेवर खोटा आळ घेतला होता."

मी गावी गेल्यावर आईला सगळं सांगितलं. अंघोळीचंही. ती वाकळेच्या कडेवरून हात फिरवत ऐकत होती. म्हणाली, "एवढ्या दुष्काळात पाणी वाया घातलं बघ माणसानं." आणि मग बराच वेळ तिनं ती वाकळ मांडीवरून खाली ठेवली नाही.

मालक गेले, आईही गेली. पदवी आता कपाटात आहे, बिनफ्रेमची. वाकळ अंथरुणावर आहे. परगावी लॉजवर उतरलो की मी आधी गादीचा कोपरा उचलून बघतो, आणि कानावर हात जातो. तिथं काडी नसते.