भिंतीवर टेकवलेले दोन फोन

आज लायब्ररीत मैत्रिणीनं इंटरनेटशिवाय एक ॲप माझ्या फोनवर पाठवलं. दोन्ही फोन शेजारी ठेवले आणि मला हर्सूलची ती कंपाउंडची भिंत आठवली.

दुष्काळाचं वर्ष होतं. आम्ही एका नव्या बिल्डिंगशेजारी पत्र्याच्या खोलीत राहायचो. तेव्हा नेट महाग होतं, म्हणून मी कॉम्प्युटर क्लासच्या वाय-फायवर बाबांच्या फोनमध्ये ॲप घेऊन यायचे. बिल्डिंगमधल्या एक काकू ती ॲप माझ्याकडून मागून घ्यायच्या. त्या दुपारी भिंतीवर दोन फोन टेकवून मी त्यांना भजनांचं ॲप पाठवत होते. तेवढ्यात आई रिकामी कळशी घेऊन आली. आमचा टँकर आलाच नव्हता.

"ताई, एक कळशी द्या. सकाळपासून घरात प्यायला पाणी नाय."

"अगं, आमच्याच टाकीत थेंब नाही," काकू फोनवरची नजर न हटवता म्हणाल्या. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. तो आवाज आम्हा तिघींनाही ऐकू येत होता.

मी ॲप पाठवणं थांबवायला बोट नेलं. आईनं माझा हात धरला.

"पुरं जाऊ दे. देऊन आपलं काय कमी व्हतंय?"

तेव्हा मला आईचाच राग आला होता. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं, हे आता कळतं.

काकूंनी मात्र एवढंच विचारलं, "झालं का गं?"