मंत्र्याच्या वाक्याखालची ओळ

फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या अक्षरामुळे. परळमधल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्यायामशाळेची भिंत होती आणि त्या भिंतीवर, पत्र्याच्या छपराखाली, एक काळा फळा टांगलेला होता. मंडळाकडे दोन वर्तमानपत्रं यायची. ती वाचता येणारी माणसं थोडी, म्हणून मोठ्या बातम्या रोज सकाळी खडूनं फळ्यावर उतरवायची पद्धत होती. पहिली पाळी सुटली की माणसं तिथं थांबायची, एकजण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे आणि मग घरी जायचे.

हे काम करणारा तरुण संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. तेव्हा मंडळाचे काका आमच्या दारात आले. काका म्हणजे गिरणीतले जुने विणकर. सगळी गल्ली त्यांना काकाच म्हणायची. ते माझ्या वडिलांना म्हणाले, "तुझी पोरगी कालेजात जाते. अक्षर बरं असेल ना तिचं?"

वडील म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं? पण ओळी सरळ असतात."

तेवढ्यावर माझी नेमणूक झाली. काकांनी एकच नियम सांगितला, "छापलंय तेवढंच लिहायचं. पदरचा एक शब्द नको."

हा नियम मला मनापासून पटला होता. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. घरात छापील कागदाला कुणाचा पाय लागला तर आई आधी त्याला नमस्कार करायला लावायची, मग तो वाण्याच्या पुडीचा कागद का असेना. मी कॉलेजातलं काही नवीन सांगितलं की ती विचारायची, "छापलंय का तसं?" मी हो म्हटलं की विषय संपला. छापलेलं खोटं असू शकतं ही शंका आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कधी शिरलीच नव्हती. म्हणून पुढे जे झालं त्यात माझी चूक किती आणि घरच्या वळणाची किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात आमच्या नाक्यावर पोलिसांनी गोळीबार केला त्या दिवशी ट्राम बंद होत्या, त्यामुळे मी घरीच होते. आमच्या मजल्यावर, दुसऱ्या माळ्यावर, एक मावशी राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या, नवरा वारलेला, एक मुलगी शाळेत. गिरणीच्या वायंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर, त्या बरीच वर्षं होत्या. दुपारी आम्ही दोघी गॅलरीत बसलो होतो. त्यांच्या मांडीवर सुपात तांदूळ होते, मी शेजारी वही घेऊन बसले होते. नाक्यावर आरडाओरडा चालला होता, अश्रुधुरानं डोळे चुरचुरत होते. "आत जाऊया का?" असं मी विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "एवढे खडे काढते नि जाऊ."

मग फळी आपटल्यासारखा आवाज झाला आणि तांदूळ माझ्या अंगावर उडाले. मावशींनी आधी सुपाकडे बघितलं. "अगो, सांडले," म्हणाल्या. मग दंडाकडे बघितलं. गोळी उजव्या दंडाच्या मांसातून आरपार जाऊन मागं दाराच्या चौकटीत घुसली होती. माणसांनी त्यांना इस्पितळात नेलं. मी मागं राहून तांदूळ वेचत बसले, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचेना.

त्यानंतर आठेक दिवसांनी वर्तमानपत्रात एका मंत्र्याचं विधान आलं. गोळीबार केवळ दगडफेक करणाऱ्या जमावावर झाला, घरात असलेल्या एकाही माणसाला गोळी लागलेली नाही. मोठ्या मथळ्यात होतं. मी ते फळ्यावर उतरवलं, आणि चांगलं उतरवलं, शब्द न् शब्द.

लिहिताना माझा हात थांबला का? थांबला असं मला लिहायला आवडलं असतं. पण तो थांबला नाही. मनात एवढंच आलं की सरकार गॅलरीला घर धरत नसेल. इतक्या मोठ्या माणसाचं, इतक्या मोठ्या अक्षरात छापलेलं चुकणार नाही. चुकत असेल तर माझंच पाहणं.

संध्याकाळी मावशी आमच्या दारात उभ्या राहिल्या. हात गळ्यात बांधलेला.

"काय गो, मी दगड मारत होते?"

त्या आत आल्या, आईनं पाणी दिलं. ते न पिताच त्यांनी सांगितलं. सोमवारपासून कामावर येते, असं सांगायला त्या गिरणीत गेल्या होत्या. लेबर ऑफिसरनं टेबलावरचं वर्तमानपत्र त्यांच्यापुढे सरकवलं. गोळी फक्त दंगेखोरांना लागली असं खुद्द मंत्रीसाहेब सांगतायत, दंगेखोरांना गिरणीत ठेवता येत नाही. घरात होतात याचा पुरावा शनिवारपर्यंत आणा, नाहीतर नाव कमी होईल. आणि तिथून परत येताना गल्लीच्या तोंडाशी तेच वाक्य कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं.

"मावशी, ते पेपरात आलं होतं…"

"पेपरवालो होतो थंय? तू होतीस. माझे तांदूळ कोणी वेचले?"

आई माझ्याकडे बघत होती. पण 'छापलंय का तसं?' असं तिनं त्या दिवशी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंत्र्याचं वाक्य पुसलं नाही. पुसलं असतं तर ते बोललेच नाहीत असं झालं असतं, आणि ते तर बोलले होते. त्याच्या खाली मी लिहिलं, 'हे खरे नाही. आमच्या चाळीतील एक बाई दुसऱ्या माळ्यावरील गॅलरीत तांदूळ निवडत असताना गोळी लागून जखमी झाल्या. लिहिणारी शेजारी बसली होती. गोळीचे भोक चौकटीत आहे, कोणीही येऊन पाहावे.'

काका दात घासायची काडी तोंडात धरून आले आणि तसेच उभे राहिले.

"हे कुठल्या पेपरात आलंय?"

"कुठल्याच नाही."

"मग? मंत्र्यांना खोटं पाडणारी तू कोण? फळा बातम्यांचा आहे, तुझ्या मतांचा नाही."

मी म्हणाले, "काका, मत असतं तर पुसलं असतं. पण ते भोक आहे. वर या, बोट घालून बघा."

काका वर आले, बोट घातलं, खाली गेले. माझं लिहिलेलं त्यांनी तसंच ठेवलं. व्यायामशाळेतल्या पोरांनी मला "मास्तरीणबाई" म्हणून हाका मारायला सुरुवात केली आणि दोन दिवस आमच्या माळ्यावर भोक बघायला रांग लागली. मावशी वैतागून म्हणाल्या, "तिकीट लाव गो आता."

इथवर सगळी गल्ली माझ्या बाजूनं होती. मग मैदानावर सभा झाली. आमच्या बाजूचे एक मोठे वक्ते आले होते. आमच्या फळ्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेली असावी. ते म्हणाले, "परळच्या चाळीत तांदूळ निवडणारी ती माऊली गोळी लागून कोसळली, ती पुन्हा उठली नाही!" मैदान घोषणांनी दणाणलं. मीही घोषणा दिली. दिल्यावर लक्षात आलं की ती माऊली आत्ता घरी मुलीकडून वेणी घालून घेत असेल.

सकाळी पोरं फळ्याशी जमलेली. "मास्तरीणबाई, कालचं भाषण लिहा. मोठ्या अक्षरात!"

मी लिहिलं, मोठ्या अक्षरात. आणि त्याखाली लिहिलं, 'हे खरे नाही. त्या बाई जिवंत आहेत.'

"अरे, ही कोणाच्या बाजूची आहे?" एकजण ओरडला. "आपल्याच माणसाला खोटं पाडते!" दुसऱ्यानं ओल्या फडक्यानं ती ओळ पुसली. मी परत लिहिली. ती परत पुसली गेली. 'फितूर' हा शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा तोंडावर ऐकायला मिळाला, आणि तोही लहानपणापासून ओळखीच्या आवाजात.

मावशी वरून बघत होत्या. त्या गॅलरीतूनच कडाडल्या, "मेल्यांनो, मी मेले तर सोमवारी कामार कोण जातला? तुमचो बापूस?"

खाली हशा झाला. हसण्यात रागाची धार बोथट झाली. काकांनी त्या पोराच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि खडू माझ्याकडे दिला. "लिही," म्हणाले. तिसऱ्यांदा लिहिलेली ओळ फळ्यावर राहिली.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी लेबर ऑफिसर स्वतः आले. बरोबर गिरणीचे टाइमकीपर होते. ते शेजारच्याच गल्लीत राहायचे आणि रोज जाता-येता आमचा फळा वाचायचे. ऑफिसरांनी चौकट बघितली, मग माझ्याकडे वळले.

"तुमचं सगळ्यांचं संगनमत असणार. मंत्री खोटे आणि तुमचे पुढारी तेवढे खरे, असंच ना?"

टाइमकीपर म्हणाले, "साहेब, हिनं पुढाऱ्यांनाही खोटं ठरवलंय. गल्लीनं दोनदा पुसलं, हिनं तिसऱ्यांदा लिहिलं. मी स्वतः पाहिलंय."

ऑफिसरांनी भोकात बोट घालून बघितलं. मग मावशींना म्हणाले, "हात उचलला जातो का?"

"अर्धो उचलता. पण काम होईल."

"सोमवारी या."

पुढे कॉलेजात आणि कॉलेजनंतरही अनेकदा मी ऐकलं, की नेता काय म्हणाला एवढंच वर्तमानपत्रानं सांगावं, खरंखोटं वाचकावर सोडावं. वाद घालण्यात मी कधीच पटाईत नव्हते, पण या एका बाबतीत मला शंका नाही. खरं काय ते आपल्याला माहीत असताना नुसतं नेत्याचं वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवून देणं, हे मी केलेलं आहे. तशाच नुसत्या उतरवलेल्या वाक्यावर एका बाईची नोकरी जवळजवळ गेली होती. वाक्य जरूर छापावं. त्याच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आपण पाहिलेलंही छापावं. आणि नेता आपला असेल तेव्हा तर हात जास्तच घट्ट धरून लिहावं, कारण फडकं घेऊन उभा असलेला माणूसही तेव्हा आपलाच असतो.

सोमवारी सकाळी मी फळा लिहीत होते. मावशी डबा घेऊन कामावर निघाल्या होत्या. त्या माझ्यामागं थांबल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"माझा काय आसा आज?"

"नाही मावशी. आज तुमचं काही नाही."

"बरा झाला," त्या म्हणाल्या आणि डबा डाव्या हातात घेऊन, भोंगा व्हायच्या आत, गिरणीकडे वळल्या.