चारशेवर अडकलेला लॅपटॉप

सिदरा वैतागली होती, आणि का वैतागू नये? बोर्ली पंचतनात घरी बसून सर्व्हर सांभाळायची नोकरी हाताशी आलेली, आज बारा वाजता तिची दोन तासांची ऑनलाइन परीक्षा, अन् लॅपटॉप मेला ढिम्म! नोकरी लागली तर अब्बांना शुक्रवारी परत कुवेतला जायला नको. बावीस वर्षं काढली त्यांनी तिकडे. गुडघे गेले, तरी बॅग भरून दारात तयार.

लॅपटॉप अब्बांनीच तिकडून वापरलेला आणला होता. आल्या दिवशीच सिदराने त्यात लिनक्स टाकलं, आणि प्रोसेसर चारशे मेगाहर्ट्झवर, म्हणजे गोगलगायीच्या चालीवर, जो अडकला तो अडकलाच. चार दिवस तिने काय नाही केलं? वेगाची सेटिंग 'पॉवरसेव्ह'वरून 'परफॉर्मन्स'वर नेली, ड्रायव्हर बदलला, लिनक्स पुसून नव्याने टाकलं. आकडा हलेल तर शपथ! पंखा गप्प, प्रोसेसर थंड, तापलं होतं ते फक्त सिदराचं डोकं.

"पाणी पी जरा," अब्बा म्हणाले.

"पाणी पिऊन चालणारेय का हा?" ती खेकसली, आणि लगेच तिलाच वाईट वाटलं.

साडेअकराला लाईट गेली. झालं, आता हेच बाकी होतं! पण स्क्रीनकडे बघते तर काय, आकडा थेट तीन हजारावर. लाईट आली, पुन्हा चारशे. सिदराने चार्जर उपटला, तीन हजार. लावला, चारशे. चार्जरशिवाय बसावं, तर बॅटरी वीस मिनिटंही टिकत नव्हती.

"अब्बा, हा चार्जर याचाच ना?"

"नाय गो, तो इथल्या बाजारातून घेतला. तिकडच्याची पिन जाडी, चौकोनी, आपल्या बोर्डात जात नाय. तो पेटीत ठेवलाय जपून. चार्जरच तो, त्यात काय एवढं?"

सिदराने कपाळावर हात मारला. चार्जर ओळखीचा नसला की हा लॅपटॉप स्वतःच वेग दाबून धरत होता, आणि ती चार दिवस सेटिंगशी भांडत बसली होती! "सांगायचं तरी होतंत, अब्बा!"

"तू विचारलंस कधी?"

पेटीतून चार्जर निघाला, पण पिन बसते कुठे? पावणेबारा झाले. अब्बा गुडघ्यावर हात टेकून उठले, दारातल्या बॅगेची चेन ओढली आणि कपड्यांच्या तळातून कन्व्हर्टर काढला, कुठल्याही बोर्डात चालणारा. दर खेपेला बॅगेत पहिला तोच जायचा.

आकडा तीन हजारावर चढला.

"हा तुम्हाला तिकडे लागेल ना," सिदरा हळूच म्हणाली.

"लागू देऊ नको म्हणजे झालं," अब्बा म्हणाले, आणि बॅग तशीच उघडी ठेवून पडवीत जाऊन बसले.