कावीळ : निरंक

सरकारी मराठीतला मला सगळ्यात आवडलेला शब्द म्हणजे निरंक. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला अकोटच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात मी कारकून होतो. महिन्याच्या तक्त्यात देवी, पटकी, हिवताप, कावीळ असे रकाने असत. कावीळपुढे मी वळणदार अक्षरात लिहायचो, निरंक, म्हणजे एकही रुग्ण नाही.

घरबसल्या लिहीत नव्हतो हं! सायकल हाणत गावोगाव जायचो, पारावर बसून विचारायचो, "कोणाले कावीळ झाली का?"

"नाही जी, तसं काई नाही."

सांगणाऱ्यांपैकी कितीकांच्या गळ्यात बारीक मुळ्यांच्या माळा. मी अमरावती शहरात वाढलेला. मला वाटे, काय धार्मिक लोक आहेत! साहेबांनी पाठ थोपटली, आपला भाग किती निरोगी म्हणून. मीही फुगलो.

मग बायकोचे डोळे पिवळे झाले. अन्न समोर नकोसं. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू. सासूबाई आडव्या आल्या.

"बाप्पा! कावीळ काय डॉक्टरचं दुखनं हाय, जावईबापू? माळ घालून राहिलो ना आमी. सुई टोचली का उलटते. अन् दवाखान्यात बोलू नोका."

मुळ्यांची माळ डोक्यावर ठेवायची. ती सैल होत गळ्यात उतरली की कावीळ उतरली. माझे सगळे धार्मिक लोक डोळ्यांपुढून गेले. हसू आलं, पण बायकोकडे पाहिलं की वाटे, काही बरंवाईट झालं तर?

महिनाअखेरीस घरीच तक्ता भरायला बसलो आणि सवयीनं लिहून गेलो, निरंक. बायको बाजेवरून बघत होती. चौथी शिकलेली.

"काय लिवलं जी?"

"कावीळ. या महिन्यात कोणी नाही."

"मंग मी कोन हावो?"

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. शब्द खोडून आकडा लिहिला, एक. पुढच्या फेरीत कावीळ विचारणंच सोडलं. "माळ कुठवर उतरली?" म्हटलं की लोक भडाभडा सांगू लागले.

काही दिवसांनी तो एकचा तक्ता वरून परत आला. लाल शाईत शेरा होता, 'या भागात कावीळ नाही. आकडा तपासावा.'

तोवर बायकोची माळ छातीपर्यंत आली होती, डोळेही निवळले होते. मी शेऱ्याखाली लिहिलं, 'तपासला. बरोबर आहे. आज दोन भाकरी खाल्ल्या.'